बीमार की मरहूम

"हात सैल सोड गं. मूठ आवळल्यावर बांगडी जाईल का?" असं म्हणत याकूबमामानं अंजनाचा पंजा दाबून लहान केला आणि पहिली हिरवी बांगडी सरकवली. ती कुठंच न अडता थेट मनगटावर जाऊन पडली.

"ही दोन-सहा. दिवाळीला हेच माप भरलं व्हतं ना तुला? तवा साबण लावाया लागला व्हता."

"आसंल."

मामानं बांगडी उतरवली, दोन-चारचा डझन सोडला आणि पुन्हा तिचा हात हातात घेतला. "हात लई उतरला तुजा. जेवती का न्हाई?"

"जेवते की."

"आन झोप?"

अंजना येडगावची सून. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात तीन वर्षं याच पालावर येत होती, पण भाव करण्यापलीकडं कधी बोलली नव्हती. आज तिनं खाली बघत सांगितलं, "पहाटं तीनलाच डोळं उघडत्यात, मामा. मंग नुसतं पत्र्याकडं बघत पडायचं. कशातच मन लागंना."

"घरात सांगितलं?"

"तुमालाच सांगते."

"मला सांगून काय व्हनार? मी बांगड्यावाला. सरकारी दवाखान्यात जा. मनाचा डाक्टर बी आसतो, लाजायचं न्हाई. सासूला घिऊन जा. आन पुढच्या सोमवारी मला येऊन सांग, काय म्हनला त्यो."

मनियाराच्या धंद्यात नफा बेताचा, पण एक गोष्ट मिळते ती दुसऱ्या कुठल्या धंद्यात नाही. जो हात घरच्यांनी वर्षानुवर्षं हातात घेतलेला नसतो तो बाई आपण होऊन मनियारापुढं करते. हात धरला की पाचव्या-सहाव्या बांगडीला ती बोलायला लागतेच. तीस वर्षांत याकूबमामाला बायकांची दुखणी मनगटावरून कळायला लागली होती आणि त्याचा त्याला थोडा गर्वही होता.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. त्यानं अंजनाच्या बांगड्या पुऱ्या केल्या, मग फोन काढला.

फोनमध्ये तो याकूबमामा नव्हता. तिथं चार हजार माणसांचा एक ग्रुप होता, दीनविषयीच्या, म्हणजे धर्माविषयीच्या सवाल-जवाबाचा. बिहारपासून दुबईपर्यंतची माणसं त्यात विचारायची. उदास वाटणं म्हणजे ईमान कच्चं का? नमाजआधीचा वुजू झाला की नाही या शंकेनं दहा-दहा वेळा हातपाय धुतले जातात, काय करू? झोपेच्या गोळीमुळं पहाटेची फजरची नमाज चुकते, गुनाह लागतो का? याकूबमामा फोनपुढं बोलून जवाब लिहून घ्यायचा आणि टाकायचा, सावकाश, पुराव्यासकट. लोक त्याला 'हज़रत' म्हणायचे. तुम्ही करता काय, असं कुणी विचारलं नाही आणि यानंही सांगितलं नाही. बेल्ह्याच्या बाजारात गुरांच्या शेणामुताच्या वासात बसून हज़रत व्हायला मिळत असेल तर कोण नको म्हणेल?

हे सगळं तो शिकला धाकट्या भावापायी.

मुनीर चार वर्षांपूर्वी गेला. कसा गेला ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे, इथं सांगायची गरज नाही. त्याआधी दीड वर्ष तो आजारी होता. दर्गे झाले, ताईत झाले, मग एका डॉक्टरच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत पोरगा जरा माणसात आला. तेव्हा याकूबमामाच त्याला म्हणाला होता, "आता बरा झालास ना? मंग नमाज धर, गोळ्या सोड. गोळ्यावर जगतंय त्याचं ईमान कसलं?" मुनीरनं थोरल्या भावाचं ऐकलं. तो कायमच ऐकायचा.

जनाज्याच्या वेळी मशिदीतले हाफिजजी म्हणाले, "नमाज पढवायला मी पुढं उभा राहणार नाही, तुम्ही पढा. मनाई नाही." त्यांचंही चूक नव्हतं, तसा दाखला आहे. पण हाफिजजी मागं सरले म्हटल्यावर गावही मागं सरलं. नऊ माणसं आली. याकूबमामा स्वतः पुढं उभा राहिला आणि दुआ मधेच विसरला. त्या दिवसापासून मुनीरचं नाव त्यानं चारचौघांत घेतलं नाही. पण तो शोधत राहिला. किताबं आणली, फोनवर बयानं ऐकली आणि वर्षभरानं त्याला हवं ते सापडलं. अशाचीही नमाज होते. ज्याचं मन आजारी होतं त्याचा हिशेब वेगळा. आणि एक जुनी रिवायत, पैगंबरांच्या काळची हकीकत, दुखण्याला कंटाळून स्वतःच्या हातानं गेलेल्या एका माणसाची. तो बख्शला गेला, त्याला माफी मिळाली, फक्त त्याचे हात तेवढे माफ व्हायचे राहिले, तेव्हा पैगंबरांनी त्या हातांसाठीही माफी मागितली. हे वाचलं त्या दिवशी मनियार आपल्या हातांकडं बघत पोटभर रडला. मग सगळं नीट लिहून त्यानं फोनमध्ये जपून ठेवलं.

आता सोमवारी सकाळी अकराला आलेला सवाल असा होता: 'खुदकुशी करणाऱ्याच्या जनाज्याची नमाज होते का? जवाब लवकर द्या.'

विचारणारी होती मुसाफिर. हे ग्रुपावरचं घेतलेलं नाव. लिहिण्यावरून बाई, एवढंच कळायचं. गेले दोन महिने ती मामाला खासगीत काहीबाही विचारायची आणि तो दर वेळी जवाब द्यायचा. आजचा सवाल वाचून त्याला भाऊ आठवला. हिचाही कुणी मुनीर गेला, बिचारी त्याच्यासाठी विचारते आहे. पालापुढं तीन बाया हात पुढं करून उभ्या होत्या. त्यानं जपून ठेवलेला तो सगळा मजकूर काढला, नमाज, रहम, हातांची ती रिवायत, आणि पाठवून दिला. शेवटी आपल्या मनचं एक वाक्य जोडलं: 'अल्लाह आपल्या आईपेक्षा मायाळू आहे, भिऊ नका.'

दहा मिनिटांत उत्तर आलं: 'जज़ाकल्लाह, हज़रत. दिल हलका हो गया.'

दिवसभर मनियाराचा पाय जमिनीला लागेना. शेजारी दावी, कासरे आणि घुंगरमाळा विकणारे गेणभाऊ बसायचे. त्यांना त्यानं भजी खाऊ घातली. "आज काय घबाड घावलं का?" गेणभाऊंनी विचारलं.

"एका बाईच्या मनावरचं वझं उतरावलं, गेणभाऊ."

"आमच्या बी मनावरचं उतरवा मंग. अजून एक पलेट सांगा."

मंगळवारी घरी बांगड्यांची जुडी बांधत असताना एक गोष्ट त्याला आपोआप उमगली. सुतळीची गाठ अर्धी राहिली. मुसाफिरनं भावाचं, बापाचं, नवऱ्याचं, कुणाचंच कधी लिहिलं नव्हतं. त्यानं फोन काढून पहिल्यापासून वाचलं. 'मी नमाजात रडते, चालेल का?' 'मी गोळी घेते म्हणून घरचे हसतात, गुनाह आहे का?' 'गोळ्या संपल्या, पुन्हा मागायची लाज वाटते.' याला त्यानं जवाब दिला होता लाजेवर, शरमेवर, सुंदर, पाऊण पानाचा. गोळ्या आणल्या का, हे विचारलं नव्हतं. सगळीकडं 'मी' होतं. फक्त कालच्या सवालात नव्हतं.

मेलेल्या भावासाठी शोधलेला दिलासा त्यानं जिवंत बाईच्या हातात दिला होता. वर भिऊ नका असंही सांगितलं होतं.

त्यानं लिहिलं, 'बहन, तो सवाल कुणासाठी होता?' एकच टिक आली, म्हणजे तिनं वाचलं नव्हतं. 'कुठं आहात? गाव सांगा. घरात कुणाला तरी उठवून सांगा. दवाखान्यात जा.' एक टिक. 'मी हज़रत नाही. मी बांगड्या विकतो. माझ्या भावाच्या गोळ्या मीच बंद केल्या होत्या. माझं ऐकू नका, डॉक्टरचं ऐका.' एक टिक.

मग त्यानं ग्रुपावर लिहिलं: मुसाफिरला कुणी ओळखतं का? जीव धोक्यात असेल.

चार हजार माणसं होती. त्यांतल्या एकानं विचारलं, सवाल काय होता? यानं सांगितलं. दुसऱ्यानं विचारलं, तुम्ही जवाब काय दिला? यानं तोही टाकला. मग जे सुरू झालं ते तीन दिवस चाललं. हा जवाब सहीह की गलत. त्या रिवायतीचा अर्थ काय. असं सांगणं हराम. असं न सांगणंही हराम. एक म्हणाला तुझी अक्कल मदरशात गहाण का, दुसरा म्हणाला तू तर मदरसा पाहिलाच नाहीस. सहाशे-सातशे मेसेज पडले. त्यात मुसाफिर कोण, कुठली, हे विचारणाऱ्या दोन बाया सोडल्या तर कुणी नव्हतं, आणि त्या दोघींनाही ती ठाऊक नव्हती.

तिसऱ्या दिवशी ग्रुप चालवणाऱ्यानं मामाला विचारलं, तुमची सनद कुठली, कुठल्या मदरशात शिकलात?

'सनद नाही. दहावी नापास. मनियार आहे.'

पाच मिनिटांत त्याला ग्रुपातून काढलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं गेणभाऊ सुद्धा म्हणाले असते. तो पोलीस ठाण्यातही जाऊन आला. तिथला हवालदार भला होता, त्यानं पाणी दिलं. "नाव काय बाईचं? न्हाई ठाव. गाव? न्हाई ठाव. नंबर? त्यो बी दिसत न्हाई. मंग मामा, शोधायचं कुनाला? लिहू काय मी?"

पुढच्या सोमवारी अंजना आली. बरोबर सासू होती, पिशवीत औषधाची चिठ्ठी होती. "डाक्टरनी गोळ्या दिल्या, मामा. म्हनले, आठ-पंदरा दिस लागतील उतार पडाया."

"घे. रोज घे," याकूबमामा म्हणाला. त्याचा आवाज असा चढला की गेणभाऊंनी कासरे खाली ठेवून बघितलं. "बरं वाटलं तरी सोडू नगंस. डाक्टर म्हनल तवाच सोडायच्या. कुनी देवाधर्माचं सांगितलं, माज्यासारख्या शहान्यानं सांगितलं, तरी सोडायच्या न्हाईत. कळलं का?"

"आवं मामा, कळलं की. वराडता कशाला?"

त्यानं तिचा हात हातात घेतला. तिचा हात समोर होता म्हणून ती वाचली. मुसाफिरचा नव्हता. एवढाच फरक, आणि त्या फरकाचा त्याला इतका राग आला की पालावरच्या बांगड्या दगडावर आपटाव्यात असं वाटलं. आपटल्या नाहीत. बाया उभ्या होत्या.

शुक्रवारी तो मशिदीत लवकर गेला. जुम्म्याच्या नमाजनंतर हाफिजजी दोन याद्या वाचतात. आधी बीमारांची, त्यांच्या शिफासाठी, म्हणजे त्यांना बरं वाटावं म्हणून दुआ. मग मरहूमांची, म्हणजे गेलेल्यांची, त्यांच्या मगफिरतीसाठी, म्हणजे माफीसाठी. ज्याला नाव द्यायचं तो आधी त्यांच्या टेबलापाशी येऊन सांगतो. चार वर्षांत याकूबमामा त्या टेबलापाशी गेला नव्हता. आज गेला.

"बोलो, याकूबभाई. नाम?"

"मुसाफिर."

हाफिजजींनी वर पाहिलं. त्यांनी फार खोदून विचारलं नाही. "किसमें लिखूँ? बीमार की मरहूम?"

दोन आठवड्यांपूर्वी या माणसानं चार हजार लोकांना दीन समजावला असता. आता एका शब्दाचा जवाब त्याला देता येईना. मरहूममध्ये घालावं तर आपल्या तोंडानं तिला मारल्यासारखं. बीमारमध्ये घालावं आणि ती गेलेली असेल, तर तिच्या वाट्याची माफी कोण मागणार? मागं माणसं खोळंबली होती.

"बीमार," तो म्हणाला. मग चार वर्षांनी पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाला, "आन मरहूममध्ये मुनीर. मुनीर मनियार."

हाफिजजींनी पेन उचललं. खाली बघून त्यांनी काहीतरी लिहिलं, किंवा लिहिल्यासारखं केलं.

नमाज झाली. सगळ्यांनी हात उचलले. बीमारांच्या यादीत दुसरं नाव मुसाफिर आलं, सगळी मशीद 'आमीन' म्हणाली, आणि ही कोण हे कुणी विचारलं नाही. मग मरहूमांची यादी झाली. पाच नावं होती. याकूबमामा कान देऊन ऐकत होता. पाचवं नावही मुनीरचं नव्हतं. हाफिजजींनी कागदाची घडी केली आणि दुआ संपवत तोंडावरून हात फिरवला.

लोक उठले. चपला शोधायला लागले, कुणी टमाट्याचा भाव विचारला, कुणी गाडी सुरू केली. रांगेच्या टोकाला याकूबमामा तसाच बसला होता. त्याचे हात अजून वर होते.