दातेरी नाणी

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, ड्रॉवरमधलं पहिलं नाणं चिमट्याने उचललं आणि दिव्याखाली धरलं. कडेला मोहरीएवढा हिरवा ठिपका. दुसऱ्या नाण्यावर दोन. तिसरं तर भाजीच्या टोपलीतून काढल्यासारखं दिसत होतं. तांब्याचं नाणं म्हातारं होता होता चॉकलेटी होतं, आणि तो रंग म्हणजे घड्याळजींचा जीव की प्राण. पण हा कळक होता, तांब्यावर चढणारा हिरवा गंज, आणि कळक तांबं खातो.

गुन्हेगार शोधायला फार डोकं लागलं नाही. पत्र्याच्या डब्यात नाणी तीस वर्षं ठणठणीत होती. सहा महिन्यांपूर्वी ती या नव्या कोऱ्या कपाटात आली. पाच ड्रॉवर, प्रत्येकात लोकरी कापड, कापडात नाण्यागणिक गोल खळगा. ड्रॉवर उघडला की कच्च्या लाकडाचा आणि सरसाचा आंबूस वास अजून यायचा. त्या वाफेनेच घात केला होता.

कपाट बाजारातून आणलेलं असतं तर घड्याळजींनी दुकानदाराची बिनपाण्याने केली असती. पण ते केलं होतं मेहुण्याने. मेहुणा सुतार, बायकोचा एकुलता एक भाऊ. साडेचार वर्षांपूर्वी त्याने बसवलेलं दार जरा घासतं, असं घड्याळजी कुठेतरी बोलले, आणि तो जो गेला तो फिरकला नाही. बायको चार वर्षं झुरली. मग एक दिवस तो हे कपाट खांद्यावर घेऊन उभा राहिला. तेव्हापासून दर रविवारी येतो, पाचही ड्रॉवर उघडून बघतो आणि पोटभर जेवून जातो. तो पुन्हा रुसला तर बायको या जन्मी माफ करणार नाही, हे घड्याळजींना पक्कं ठाऊक होतं.

आणि उद्या रविवार. नाणी आत ठेवावीत तर कळकणार, खळगे रिकामे ठेवावेत तर मेहुणा विचारणार. तेव्हा एखादा घड्याळजीच करील असा शहाणपणा त्यांनी केला. नाणी परत डब्यात घातली आणि खळग्यांत मोडक्या घड्याळांची चाकं मांडली. मेहुण्याला जवळचं धड दिसत नव्हतं आणि चष्म्याशी त्याचं वैर होतं.

"सांगून टाका ना त्याला," बायको म्हणाली.

"सांगितलं की गेलाच समज."

रविवारी मेहुणा नेमका नवा चष्मा लावून आला. पहिला ड्रॉवर उघडून त्याने एक चाक उचललं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"दाजी, या राजाच्या नाण्यांना दात असायचे?"

"कडक राजा होता," घड्याळजी कसेबसे म्हणाले.

"आणि मधे भोक?"

"प्रजेला दोऱ्यात ओवता यावीत म्हणून."

बायकोने कपाळाला हात लावला.

"खरी नाणी कुठे आहेत?" मेहुण्याने विचारलं.

डबा आणावाच लागला. मेहुण्याने भिंगातून एकेक ठिपका पाहिला, अगदी सावकाश. "हे माझ्या कपाटाने झालं?"

घड्याळजींच्या जिभेवर तीन थापा तयार होत्या. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि तिन्ही गिळल्या. "हो. लाकूड आणि सरस, दोघांची वाफ."

मेहुणा उठला. बायकोचा चेहरा उतरला.

"दार घासत होतं, हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "तुम्ही ते अख्ख्या गल्लीला सांगितलंत, फक्त मला नाही. म्हणून गेलो मी."

घड्याळजींना मनापासून लाज वाटली. चार वर्षं ते मेहुण्याला तापट म्हणत आले होते आणि आत्ताही तोच घोळ घालायला निघाले होते. "चुकलंच माझं," ते म्हणाले.

मेहुण्याने खुर्ची टेबलाजवळ ओढली. "हे हिरवं काढतात कसं?"

"तेलाचा थेंब टाकून बांबूच्या काडीने. हळूहळू. महिना जाईल."

"जाऊ दे."

घड्याळजींनी त्याच्यापुढे सगळ्यात जुनं नाणं ठेवलं. त्याला बायकोलाही हात लावायची परवानगी नव्हती. आता गप्प बसायचं, असं त्यांनी फार ठरवलं, पण जमलं नाही.

"कडेने धर. अंगठा लावू नकोस, डाग पडतो. आणि तुझा हात जड आहे."

मेहुण्याने अंगठा काढला. "हां," तो म्हणाला, "हे कसं तोंडावर सांगितलंत," आणि काडीचं टोक त्याने अलगद ठिपक्यावर टेकवलं.