पहिला मांडा

“काही करत नाही तो.”

धुळ्यात पलक नावाच्या मुलीच्या साखरपुड्याला पांढरं झिपरं कुत्रं मांडे करणाऱ्या बेबाबाईच्या लुगड्याचा काठ तोंडात धरून बसलं होतं. पलकची आजी धनकुंवरबाई म्हणाल्या, “खेळतंय तुमच्याशी.” काठ फाटेपर्यंत ते खेळलं.

नवऱ्याची, पितांबरची, चप्पल अजून दाराशी आहे. उजवीचा अंगठा तुटलेला.

मातीचं खापर गोणपाटात गुंडाळून मांडीवर घ्यायचं. एस.टी.त खाली ठेवायचं नाही. कंडक्टर विचारतो, “बाई, लेकराचं तिकीट?” दर वर्षी तोच विनोद, कंडक्टर वेगळा.

पोस्टमन गेटबाहेरून हाक मारतो. मीटर बघणारा गाडीवर पाय वर घेतो. मांडे करणारीचे दोन्ही हात हवेत असतात, कोपरापर्यंत कणीक पसरलेली असते आणि समोर जाळ असतो.

डांगर, म्हणजे खरबूज, महाग झालं आहे.

“घाबरू नका हो. घाबरलं की त्यांना कळतं.”

*

बेबाबाई पहूरची. लोकांच्या घरी जाऊन मांडे करते. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत पंचाएवढा पातळ करायचा आणि चुलीवर उपड्या घातलेल्या खापरावर टाकायचा, एवढंच काम. ते येणाऱ्या बायका आता कमी उरल्या आहेत. म्हणून लोक जळगावहून, धुळ्याहून बोलावतात. गेल्या काही वर्षांत घरं तीच राहिली, कुत्री वाढली. आधी तिला भीती वाटायची. आता कंटाळा येतो. कुणाचं कुत्रं पायात येऊन झोपतं, कुणाचं पाठीवर नाक लावतं, आणि मालकीण गॅलरीतून सांगते की त्याला माणसं फार आवडतात.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांचा मांडा विकतचा चालत नाही. त्या दिवशी बेबाबाई जळगावात मेहरूणमध्ये पुष्पाबाईंच्या घरी असते. पुष्पाबाईंना सगळे अक्का म्हणतात. त्यांच्या ओळखीनंच तिला वर्षभराची घरं मिळतात.

यंदा नको म्हणायला हवं होतं. पितांबर थंडीत गेला. नवऱ्याच्या नावाची ही पहिली आखाजी, पहिली घागर. चंदननं, म्हणजे पोरानं, कुंभाराकडून घागर आणली, वर ठेवायला डांगर आणलं, आंबे आणले. पितर म्हणून जेवायला शेजारच्या अभिमन आबांना सांगितलं. आबांना शुगर आहे, फार वेळ उपाशी राहवत नाही.

पण अक्कांना नको म्हटलं की पुढच्या वर्षी तिथं दुसरी कुणी असते.

मग तिनं असं ठरवलं: घरच्या मांड्यांचं पुरण रात्रीच शिजवून स्टीलच्या डब्यात भरायचं. पहाटेच्या गाडीनं जायचं. अक्कांचे मांडे झाले की त्याच जाळावर आपले तीन टाकायचे आणि दुपार व्हायच्या आत घरी. डबा तिनं कुणाच्या हाताला लागू दिला नाही. पिशवीत तळाशी ठेवला, वर टॉवेल.

*

अक्कांच्या मागच्या अंगणात विटांची चूल मांडलेली. लिंबाचं झाड, त्याला बांधलेला कुत्रा. पलीकडे आखाजीसाठी टांगलेला झोका.

कुत्रा अक्कांच्या नवऱ्यानं आणला होता. नाना केळीच्या बागेतून निवृत्त होऊन शहरात आले आणि करमत नाही म्हणून हे लॅब्रॅडॉर घेतलं, नाव ठेवलं भुऱ्या. सून नूतन त्याला ब्रुनो म्हणते. तो दोन्ही नावांना ओ देत नाही, ताटाच्या आवाजाला देतो. नाना जाऊन तीन आखाज्या झाल्या.

रिवाज असा की खापरावरून उतरलेला पहिला मांडा पितरांचा. तो बाजूला काढायचा. त्यातला तुकडा तुपासोबत निखाऱ्यावर जातो, ती आगारी. आगारी झाल्याशिवाय घरात कुणी काही तोंडात घालत नाही.

पहिला मांडा चांगला उतरला. बेबाबाईनं घडी घालून केळीच्या पानावर ठेवला, वर चाळणी पालथी घातली, ताट ओट्यावर सरकवलं आणि चुलीकडे तोंड केलं.

*

“आईऽऽ!”

नूतन ओरडली आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवला. उशीर झाला होता. अक्का ओल्या केसांनी बाहेर आल्या.

चाळणी जमिनीवर. केळीचं पान चाटून पुसून हिरवंगार. भुऱ्या झोक्याखाली, मिशांना तूप.

“कोनं सोडला याले?”

“मी सकाळीच बांधलाय, आई. हूक लावून.”

“मंग काय त्यानं हातानं काढला हूक?”

“खरंच बांधला होता.”

“तुह्या मोबाइलपायी आज नानांसमोर तोंड दाखवाले जागा नाही राह्यली मले.”

बेबाबाईच्या हातांवर मांडा पसरलेला होता. तो तिनं खापरावर टाकला. हातावरचा मांडा भांडण मिटेपर्यंत थांबत नाही.

नवीन, अक्कांचा मुलगा, ब्रश तोंडात घेऊन दारात आला. “एवढं काय त्यात? नाना रोज पहिला घास यालाच द्यायचे.”

“तवा नाना जिते व्हते. घास द्याचा का नाही, ते त्याहीच्या हातात व्हतं.”

“बाकीचे तर झाकलेले आहेत ना? त्यातला एक काढ.”

“पितराच्या आधी कुत्रं जेवलं. आता हे बठ्ठं, सगळंच उष्टं.”

“ब्रुनोला ताट लावायचंच राहिलं होतं,” नवीन म्हणाला. तो चूळ भरायला आत गेला.

नूतन डाळीचा डबा हलवून बघत होती. तळाशी मूठभर. दुकानातून आणायची, शिजवायची, वाटायची. दुपार तिथंच होणार. अक्का चुलीजवळ आल्या. बेबाबाईची पिशवी त्यांनी सकाळीच पाहिली होती.

“बेबाबाई, तुमच्या डब्यात पुरण हाये ना?”

खापर धुरावलं. बेबाबाईनं उलथन्यानं मांड्याची कड सोडवली.

“हाये.”

“आई, ते त्यांच्या घरचं आहे,” नूतन म्हणाली. “त्यांचं पहिलं वर्ष आहे.”

“मी कुठी हिसकून घेते? इचारते.”

“राहू द्या,” बेबाबाई नूतनकडे न बघता म्हणाली. “करून देते. कनीक हाये अजून.”

तिनं हात धुतले, टॉवेल काढला, डबा काढला. झाकण घट्ट बसलं होतं. तीन मांडे झाले. पहिला अक्कांनी स्वतः उचलला आणि उराशी धरून देवघरात नेला. भुऱ्याला नवीननं स्वतः बांधलं, हूक दोनदा ओढून बघितला.

“मनाच्या मोठ्या आहात,” तो बेबाबाईला म्हणाला.

बेबाबाईनं लाकडं मागं ओढली.

निघताना अक्कांनी आधीची सगळी चवड वर्तमानपत्रात बांधून तिच्या हातात दिली. “आमाले तर चालत नाही. घरी न्या. चंदन खाईन.”

नूतन गेटपर्यंत आली नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

*

एस.टी.त खापर अजून कोमट. मांडीवर खापर, खापरावर मांडे. कंडक्टरनं तिकीट दिलं, लेकराचं विचारलं नाही.

फोन वाजला. चंदन. “आई, कुठी हायेस? आबा दोनदा इचारून गेले.”

“येऊ राह्यली.”

परत वाजला. नूतन. ती हळू बोलत होती, न्हाणीघरातून बोलत असावी. “बेबाबाई, तुम्ही आलात तेव्हा तो बांधलेलाच होता ना? तुम्ही पाहिलं ना? आईंना एकदा सांगा ना फोनवर. त्या सकाळपासून बोलत नाहीत. माझ्या नणंदा येतील आता, त्यांच्यासमोर परत सुरू होईल.”

खिडकीची काच खडखडत होती.

“आवाज नाही येत,” बेबाबाई म्हणाली.

“हॅलो? म्हटलं, तुम्ही पाहिलं ना—”

“गाडीत हाये. नाही येत आवाज.”

नूतनचा आवाज स्वच्छ येत होता. तिनं फोन बंद करून पोलक्यात ठेवला. मग काढून परत बघितला. मग ठेवला.

*

चंदननं गोवरीचा विस्तव करून ठेवला होता. घागर भरलेली, वर डांगर. अभिमन आबा भिंतीला टेकून बसलेले, तोंडात काही नाही हे दिसावं म्हणून तोंड जरा उघडं.

चंदननं पुडकं सोडलं. “एवढे? अन् डबा रिकामा?”

“त्याहीच्या कुत्र्यानं पयला मांडा खाल्ला. मंग आपल्या पुरनाचे त्याहीले दिले. हे त्याहीले चालत नाही.”

“त्याहीच्या पितराले चालत नाही, अन् बाबाले चालते?”

ती पाटावर बसली. पायांना गोळे आले होते.

“चालीन रे,” आबा म्हणाले. “पितांबर जलमात कसाले नाही म्हनला का?”

“म्हनून तर,” चंदन म्हणाला.

आबांनी घागरीकडे बघितलं, मग मांड्यांकडे.

“सोडला कोनं व्हता कुत्रा?” चंदननं विचारलं.

“सून म्हनते बांधला व्हता.”

“म्हननारच. चूक त्याहीची अन् उष्टं आपल्याले.” चंदन वाकून कागदाच्या घड्या मोडत होता. “तू कायले देला डबा? नाही म्हनाचं. सरळ नाही म्हनाचं व्हतं.”

“गोवरी फुंक. आबाले भूक लागली.”

त्यानं फुंकर मारली. राख उडाली, निखारा लाल झाला. बेबाबाईनं वरचा मांडा काढून ठेवला, मधला घेतला, तुकडा मोडला, त्यावर तूप सोडलं आणि चंदनच्या हातावर ठेवला. तो तसाच धरून बसला. मग टाकला. आधी तूप पेटलं. मग जळक्या गुळाचा वास आला.

आबांनी ताट पुढं ओढलं.

त्या सकाळी नूतन आत डाळ वाटत होती आणि अक्का आंघोळीला गेल्या होत्या, तेव्हा भुऱ्याची साखळी लिंबाच्या बुंध्याला गुंडाळली जाऊन आखडली होती, पाण्याचं भांडं त्याच्या तोंडापासून वीतभर लांब राहिलं होतं, आणि हूक बेबाबाईनं काढला.