आर्व्हिडचे मचाण आणि चौथी पायरी

मित्रांनो, मी एक जुने मचाण आहे, आणि यंदाच्या शिकारीच्या हंगामात माझ्यावर कोणीच चढले नाही. खरे तर अशा वेळी मचाणाने रडायला हवे. मी मात्र सुटकेचा निःश्वास सोडला. का, ते ऐका.

एकतीस वर्षांपूर्वी आर्व्हिडने मला बांधले. मिशिगनच्या उत्तरेकडच्या रानात, बीव्हर प्राण्यांनी बांध घातलेल्या तळ्याजवळ, मेपलच्या एका जाडजूड झाडावर मी बसलो आहे असे लोक म्हणतात. खरे म्हणजे मला खिळ्यांनी ठोकून बसवले आहे. माझ्या फळ्या त्याच्या वडिलांच्या मोडक्या सौनाच्या, म्हणजे लाकडे जाळून तापवायच्या वाफेच्या न्हाणीघराच्या. त्यामुळे पहिली काही वर्षे माझ्या अंगाला धुराचा वास यायचा आणि हरणे लांबूनच नाक मुरडून परत जायची. आर्व्हिडला हे उमजायला तीन हंगाम लागले. तोवर तो सगळ्यांना सांगे, "हल्ली हरणं फार शहाणी झालीत."

पुढे वास उडाला आणि माझे चांगले दिवस आले. दरवर्षी पंधरा नोव्हेंबरला, हंगामाच्या पहिल्या सकाळी, खिशात गरम पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली भलीमोठी करंजी, आणि पाठीला बंदूक लावून तो माझ्या सात पायऱ्या चढे. पास्टी नऊला खायची असे ठरवून सातलाच संपवी. एका वर्षी दहा टोकांच्या शिंगांचा नर त्याने माझ्यावरून टिपला. तेव्हा आमच्या रानातल्या शिकारी कॅम्पातले सगळे जण मला बघायला आले आणि माझ्या खांबावर थाप मारून गेले. मित्रांनो, मी फुशारलो होतो, खोटे कशाला सांगू?

कौतुक पुष्कळ झाले, पण डागडुजी कोणी केली नाही. खिळ्यांच्या भोकांतून पाणी मुरत गेले. माझी चौथी पायरी आतून कुजली, वरून मात्र शेवाळाने हिरवीगार दिसे. गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी उतरताना ती आर्व्हिडच्या बुटाखाली कडकन वाजली. तो क्षणभर दोन्ही हातांवर लोंबकळला. कसाबसा खाली उतरला, कोणी पाहिले तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघितले, आणि चिरेवर शेवाळ चोपडून निघून गेला. हे घरी कळले असते, तर त्याच्या बायकोने, व्हर्नाने, त्याला पुन्हा माझ्याकडे फिरकू दिले नसते.

तेव्हापासून मला त्याच्या येण्याची धास्ती वाटू लागली. दर ऑक्टोबरात तो फांद्या छाटायला येतो, यंदा आला नाही. तेव्हा मला वेगळीच धास्ती पडली.

हंगामाच्या आदल्या दिवशी दुपारी तिघे आले. पुढे व्हर्ना, मागे त्यांची थोरली लेक मार्ली, आणि सगळ्यांत मागे आर्व्हिड, छातीशी लाल उशी कवटाळून. बोलण्यातून मला कळले, की सात आठवड्यांपूर्वी छाती उघडून त्याच्या हृदयाचे ऑपरेशन झाले होते. नव्या वर्षापर्यंत चार लिटर दुधाच्या कॅनपेक्षा जड काही उचलायचे नाही आणि बंदूक खांद्याला लावायची नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. तरी तो आला होता, कारण आमच्या कॅम्पाचा रिवाजच तसा आहे. मालकाने झाडाखाली उभे राहून स्वतःच्या तोंडाने जागा दिल्याशिवाय त्याच्या मचाणावर कोणी बसत नाही.

"दोनशे पावलं म्हणाला होतास," व्हर्ना म्हणाली. "साडेचारशे झाली."

"तुझी पावलं लहान आहेत."

"आणि तुझं तोंड मोठं. उशी नीट धर. खोकल्याने टाके उसवले तर मी शिवायला बसणार नाही."

"बाबा, तू फक्त जागा दिली म्हण, आणि गाडीत जाऊन बस," मार्ली म्हणाली.

आर्व्हिडने वर माझ्याकडे पाहिले. एकतीस वर्षांत त्याने एकही हंगाम चुकवला नव्हता. त्याचे डोळे भरून आले. "ही जागा तुझी," तो हळूच म्हणाला.

मार्लीने लगेच पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग दुसऱ्या. मी जीव खाऊन करकरलो. "म्हातारं कुरकुरतंय बघा!" ती हसली आणि तिसरीवर आली. आर्व्हिडने तोंड उघडले, व्हर्नाकडे बघितले आणि मिटले. मार्लीने पाय उचलला.

"मार्ली, थांब! चौथीवर पाय देऊ नको! कुजलीय ती!"

ओरडण्यासरशी त्याला खोकल्याची उबळ आली. तो उशीवर दुमडला. मार्ली सरसर खाली उतरली. व्हर्नाने खोकला थांबेपर्यंत त्याला धरून ठेवले, आणि मग विचारले, "तुला कधी कळलं?"

"गेल्या वर्षी. पाय निसटला होता."

"आणि मला कधी सांगणार होतास?"

"दुरुस्त केल्यावर."

"म्हणजे ऑपरेशन झालं नसतं, तर उद्या सकाळी तू इथे मोडून पडला असतास आणि मी घरी पास्टी लाटत बसले असते." ती ओंडक्यावर बसली, थोडी रडली, मग एकदम हसू लागली. "त्या हृदयाचे पाय धरायला हवेत. तुझ्यापेक्षा त्याला अक्कल जास्त!"

आर्व्हिडही हसला, उशी दाबून, हळू हळू. वर्षभराचे ओझे त्याच्या तोंडावरून उतरलेले मी पाहिले.

मार्लीने गाडीतून हातोडी आणली आणि चुकूनही कोणी चढू नये म्हणून खालच्या पायऱ्या उपटून काढल्या. खिळे निघताना दुखले, पण इतके हलके मला कधी वाटले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या बुंध्याशी बादली पालथी घालून बसली. तिसऱ्या सकाळी तिला एक लहानसा नर मिळाला. नव्या फळ्या घेऊन एप्रिलात येऊ, असे व्हर्ना मला बजावून गेली आहे. आता बर्फ पडला आहे आणि मी निवांत आहे.

मित्रांनो, मला वर्षाकाठी एखादी नवी फळी आणि हातोडीचे चार घाव पुरले असते. तुमच्या घरातली शिडी, झोपाळा, खुर्ची कुरकुरू लागली तर हसण्यावारी नेऊ नका, आणि मोडलेले शेवाळाने झाकू नका. आम्हांला बोलता येत नाही, तुम्हांला येते. मार्लीचा पाय वर उचललेला असताना आर्व्हिड एक क्षण गप्प राहिला होता. तो क्षण माझ्या फळ्यांतून अजून गेलेला नाही. तुम्ही तेवढाही उशीर करू नका.