आभाराचं कार्ड

कुणी काही दिलं की आभाराचं कार्ड पाठवायचं, हे माझ्या आईने माझ्या अंगात मुरवलं होतं. त्याच चांगल्या वळणाने घात केला.

माझा मुलगा लॅव्हेल कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये हातात बॉल घेऊन पळायचा. स्टेडियममध्ये ऐंशी हजार माणसं त्याच्या नावाने ओरडायची, आणि मी मिसिसिपीत बसून तीन वर्षं ते टीव्हीवर बघत होते. कोंबड्या कापायच्या कारखान्यातून परराज्यात जायला ना सुट्टी, ना पैसे. मग एक दिवस प्रुइट नावाच्या गोडबोल्याचा फोन आला.

"लॅव्हेलनेच नंबर दिला तुमचा. या हो एकदा, सगळी सोय आमच्याकडे."

विमान, हॉटेल, पुढच्या रांगेतली खुर्ची. मला वाटलं, कॉलेजचाच माणूस. मॅचभर मी वेड्यासारखी रडत होते. घरी आल्यावर छान अक्षरात कार्ड लिहिलं, 'प्रुइटसाहेबांचे आभार', आणि पाठवलं कॉलेजच्या पत्त्यावर. तिथल्या नियम सांभाळणाऱ्या बाईने ते फोडलं.

प्रुइट एजंट निघाला. पोरगा उद्या व्यावसायिक झाला की त्याचे करार आपल्याकडे यावेत म्हणून आजच दाणे टाकत हिंडणारा. अशा माणसाकडून खेळाडूने किंवा त्याच्या घरच्यांनी फुकटची कॉफीसुद्धा घ्यायची नाही. घेतली तर खेळ बंद. कोच मात्र याच पोरांच्या घामावर वर्षाला चाळीस लाख डॉलर घेतो. त्याला कुणी विचारत नाही.

मला आणि लॅव्हेलला कॉलेजात बोलावलं. कोचही तिथे बसला होता. कॉलेजच्या वकिलाने टाइप केलेला कागद पुढे सरकवला.

"लॅव्हेलला काहीच माहीत नव्हतं, आईनेच परस्पर मागितलं, असं असेल तर चार मॅचच्या बंदीवर भागेल."

"आणि नसेल तर?"

"मग तो पुन्हा कधीच कॉलेजकडून खेळणार नाही, मॅडम."

"माझं काय होईल?"

"तुमचा टीमशी संबंध संपला. तो खेळतोय तोवर स्टेडियममध्ये यायचं नाही."

"तसंही मला कुठे परवडत होतं," मी म्हटलं. कोच हसला. मेल्याला लाज नाही.

कागदातलं सगळं खोटं होतं, आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं.

"सही कर रे बाळा," मी म्हटलं. "माझं काय जातंय?"

"ऐक आईचं, पठ्ठ्या," कोच म्हणाला.

मला वाटलं, एकदा तरी तो कागद मागे सारेल. एकदा तरी म्हणेल, 'नाही ममा, नंबर मीच दिला होता.' मग मी त्याला दटावलं असतं, हात धरून सही करायला लावली असती.

लॅव्हेलने वकिलाकडे बघून विचारलं, "पेन आहे?"