बाईच्या आवाजातलं आमचं गाणं

नाचात मला मागे टाकील असा एकच माणूस ओब्रेरो वस्तीत जन्मला, आणि त्याच्याशी मी लग्न करून मोकळी झाले. एवेलिओ त्याचं नाव. नाचाचे बूट शिवायचा. काली शहरात हा धंदा करणारा उपाशी मरत नाही, कारण आमच्याकडची माणसं एक वेळ जेवण टाळतील, रविवारचा नाच टाळणार नाहीत. बुटांतून उरलेला वेळ आणि पैसा तो रेकॉर्डमध्ये घालायचा. घराच्या भिंती रेकॉर्डनी भरल्या तेव्हा मी म्हटलं, एक तर ह्या राहतील नाहीतर मी. तो म्हणाला, आयदे, तू उभ्या उभ्या झोपणार असशील तर सगळ्यांना जागा आहे. असल्या माणसाशी भांडून काही उपयोग नसतो, तरी मी भांडायची.

आमचं एक गाणं होतं. लग्नाआधी कोपऱ्यावरच्या अंगणात त्याने ते पहिल्यांदा माझ्यासाठी लावलं. एक बाई गायची, बारीक, टोकदार आवाजाची, मिरची लागल्यासारखी. शब्द एकही कळत नसे, इतकी तिची घाई. मधेच तुताऱ्या घुसायच्या आणि आमचे पाय जमिनीला टेकायला तयार नसत. त्या गाण्यावर आम्ही साखरपुड्यात नाचलो, आमच्या लेकीच्या, लुस दारीच्या बारशाला नाचलो, तिच्या लग्नातही नाचलो. त्याचं नाव मात्र मला कधीच कळलं नाही. रेकॉर्डच्या मधोमध नाव छापलेलं असतं तिथे एवेलिओने पांढरा कागद चिकटवला होता. इथले सगळे शौकीन तसं करतात, नाहीतर दुसरा येऊन नाव वाचतो आणि तीच रेकॉर्ड विकत आणतो. मी विचारलं की तो म्हणायचा, बायकोला सांगितलं म्हणजे दवंडी पिटायला वेगळा माणूस नको. मग मीही नाद सोडला. वाजवायचं खातं त्याचं, नाचायचं माझं, आणि त्याच्या यंत्राला मी कधी बोट लावलं नाही.

गेल्या मार्चमध्ये एवेलिओ गेला. मांडीवर बूट, हातात दाभण, आणि माणूस गेलेला.

आमच्या शौकिनांच्या मंडळाची एक रीत आहे. वर्षभरात जो सभासद गेला असेल, त्याचं लाडकं गाणं डिसेंबरच्या जत्रेआधीच्या रविवारी सर्वांत आधी लावतात. मोकळ्या फरशीवर त्याची बायको एकटी उतरते. बाकीचे भोवती उभे राहून हातातल्या घंटा आणि खुळखुळे वाजवतात, आणि गाणं संपेपर्यंत फरशीवर दुसरं कुणी पाऊल ठेवत नाही. मी अशा कितीतरी विधवा बघितल्या आहेत. कुणी चार पावलं टाकते आणि खुर्ची गाठते, कुणी नुसती उभी राहून रडते. माझं तसलं काही होणार नव्हतं. मी नारिंगी झगा शिवायला टाकला आणि वस्तीत सांगून ठेवलं की बघायला या.

आणि रेकॉर्ड सापडेना. मी आणि लुस दारीने सगळ्या भिंती पालथ्या घातल्या. शेवटी तिचं खाकी पाकीट सापडलं, ज्यावर एवेलिओने माझे पहिले बूट पेन्सिलने काढले होते. पाकीट रिकामं होतं. जो माणूस मला गाण्याचं नाव सांगत नव्हता, त्याने गाणंच कुणाला तरी देऊन टाकलं होतं. मला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

सकाळी उठून एर्मेसचं दुकान गाठलं. बाजारामागे त्याचं जुन्या रेकॉर्डचं दुकान आहे, आणि तो एवेलिओचा जिवाभावाचा मित्र. रविवारी रेकॉर्ड लावायचं काम त्याच्याकडेच होतं. मी त्याला आमचं गाणं गुणगुणून दाखवलं आणि विचारलं, ह्या बाईची रेकॉर्ड कुठे आहे? तो माझ्याकडे न बघता काउंटर पुसत राहिला. मग म्हणाला, बाईची तर नाही, पण एवेलिओ शनिवारी इथे येऊन एक रेकॉर्ड ऐकायचा. शेवटची दोन वर्षं. तेच गाणं त्याचं लाडकं होतं.

मला घरी तो सांगायचा की शनिवारी चामडं आणायला जातो.

"लाव," मी म्हटलं.

त्याने लावली. एक बाप्या गायला लागला. जड, दमलेला आवाज, ओढत ओढत चाललेलं गाणं, मागे कुणीतरी पेंगत ढोल बडवत असावा असा ताल. एर्मेस सांगत होता की एवेलिओ हे डोळे मिटून ऐकायचा, कधी कधी डोळे पुसायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पन्नास वर्षं ज्या माणसाला मी अंतर्बाह्य ओळखलं, त्याचं लाडकं गाणं दुसरंच होतं आणि ते ऐकून तो रडत होता. असली रडकी गाणी माणूस कुणासाठी ऐकतो ते मला शिकवायला नको. कडवं पुरं व्हायच्या आत मी सुई उचलली.

"कोण आहे ती?"

"कुणी नाही, वहिनी."

"मग माझा नवरा तुझ्या दुकानात येऊन कुणासाठी डोळे पुसत होता? तुझ्यासाठी?"

एर्मेसने रेकॉर्ड वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "घरी न्या. त्याच्या यंत्रावर लावा आणि पुरी ऐका. मग हवं तर मला मारायला या."

घरी आल्यावर लुस दारी मला समजावायला लागली. रविवारी दुसरं कुठलंही गाणं लाव, कुणाला कळणार आहे, मेलेल्या माणसाशी कसलं भांडण काढतेस. मी म्हटलं, जिवंतपणी त्याने संधी दिली असती तर आज काढलं नसतं. ती बिचारी कॉफी करायला आत गेली. मी ठरवलं होतं, रेकॉर्ड गुडघ्यावर घेऊन मोडायची. पण काय मोडतोय ते नीट माहीत असावं म्हणून आधी लावली. यंत्र त्याने ठेवलं होतं तसंच होतं, मार्चपासून कुणी हात लावला नव्हता.

बाई गायला लागली.

तीच, मिरची लागलेली. लुस दारी ओल्या हातांनी धावत बाहेर आली आणि म्हणाली, "आई, सापडलं?" मी रेकॉर्डकडे वाकून बघितलं. पांढऱ्या कागदाचा एक कोपरा उचकटला होता, तोच जुना कागद. मग मी आयुष्यात पहिल्यांदा त्या यंत्राच्या वेगाच्या बटणाकडे बघितलं. ते पंचेचाळीसवर होतं. रेकॉर्ड होती मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची.

आमच्या तरुणपणी नाचघरांतली पोरं हा उद्योग करायची हे मला ऐकून ठाऊक होतं. परदेशातून येणारी गाणी कालीच्या पायांना मंद वाटायची, म्हणून बटण फिरवून ती पळवायची. पण आपलं स्वतःचं गाणं पन्नास वर्षं पळवलेलं आहे असं कुणाला कसं वाटेल? माझी बाई ही बाई नव्हतीच. तो जड आवाजाचा बाप्या होता, आणि एवेलिओने त्याला माझ्यासाठी एवढी वर्षं धावायला लावलं होतं.

मी नारिंगी झग्याचं माप द्यायचं सोडून परत एर्मेसकडे गेले. तो दुकानाच्या पायरीवर बसून पानदेबोनो, चीजचा गोल पाव, खात होता. मला बघून थोडा सरकला, बसायला जागा केली.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"मी शब्द दिला होता, वहिनी. न सांगण्याचा. न देण्याचा नव्हता दिला."

"तो इथे येऊन हळू का ऐकायचा?"

एर्मेसने हातातला तुकडा कागदावर ठेवला. "त्याचे गुडघे गेले होते. दोन वर्षांपासून. इथे यायचा, मला तेहतीसवर लावायला सांगायचा आणि काउंटर सोडून मधे उभा राहायचा. हात असे धरायचा, समोर कुणी असल्यासारखे. म्हणायचा, ह्या चालीवर मी अजून आयदेबरोबर नाचू शकतो."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं त्याने? एर्मेस म्हणाला, सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? काय म्हणाले असते ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. हळू नाचणं म्हणजे शवपेटीत पडून राहायची तालीम, हे वाक्य माझं आहे, आणि अख्खी वस्ती ते वापरते. शेवटी शेवटी एवेलिओ म्हणायचा, तू नाच, मी वाजवतो, रेकॉर्डकडे लक्ष द्यायला कुणीतरी हवं. मला वाटायचं, म्हाताऱ्याला रेकॉर्डचं वेड लागलंय. त्याच दिवसांत त्याने मला बुटांचा एक जोड शिवून दिला होता, चपट्या टाचांचा, मऊ तळाचा. मी म्हटलं होतं, हे चर्चला जायला बरे आहेत, आणि कपाटाखाली सारले होते.

दुकानात मी रडले नाही. बाजारात मात्र रडले, पपईच्या गाडीशेजारी, भर दुपारी, मोठ्याने. पपईवाली मला ओळखते. तिने काही विचारलं नाही, एक फोड कापून हातात दिली. मी ती खाल्ली आणि एवेलिओला मनातल्या मनात चांगलं झापलं. गाढवा, मला शब्द फिरवता आला असता. पाय पण फिरवता आले असते.

रविवारी दुपारी सभागृह गच्च भरलं होतं. वस्तीतली सगळी पांढरी डोकी घंटा आणि खुळखुळे घेऊन कडेने उभी होती. मी नारिंगी झग्यात आत गेले आणि सगळ्यांच्या नजरा आधी माझ्या पायांकडे गेल्या, कारण पायात चपटे बूट होते. ते मला इतके बरोबर बसत होते की मला त्याचा पुन्हा राग आला. एर्मेसने रेकॉर्ड ठेवली, बटणावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तेहतीस," मी म्हटलं.

मागे कुजबुज झाली. मी फरशीच्या मधे जाऊन उभी राहिले आणि हात धरले, समोर कुणी असल्यासारखे. आणि सांगते, हळू नाचणं सोपं नाही. पळत्या गाण्यात चुकलेलं पाऊल लपवता येतं, इथे प्रत्येक पाऊल शेवटपर्यंत टाकावं लागतं. भोवतीच्या घंटांना ताल सापडेना, एकेक करून त्या गप्प झाल्या. मग मला शब्द ऐकू आले. तो बाप्या फार मोठं काही सांगत नव्हता. कुणा बाईला सांगत होता की जरा दमाने घे, कोपऱ्यावर थांब, मी येतोच आहे. पन्नास वर्षं मी त्या शब्दांवरून धावत गेले होते.

मी थांबले. त्याच्या गुडघ्यांना जमेल तसं वळले, त्याला श्वास घ्यायचा असेल तिथे श्वास घेतला. एकदाही घाई केली नाही. तुताऱ्या आल्या तेव्हा पाय सुटायला बघत होते, मी त्यांना आवरलं. गाणं संपलं तेव्हा लुस दारी हुंदके देत होती आणि अर्धं सभागृह नाकं पुसत होतं. एर्मेसने हलकेच सुई उचलली. लोक माझ्यासाठी खुर्ची सरकवायला लागले.

"खुर्ची कुणाला?" मी म्हटलं. "एर्मेस, आता पंचेचाळीसवर लाव."

त्याने लावलं. माझी बाई गायला लागली आणि घंटा एकदम जाग्या झाल्या. एक अख्खं गाणं मी माझ्या नवऱ्यासाठी थांबले होते. एवढी मी आयुष्यात कुणासाठीही थांबलेली नाही.