दातातली वर्तुळं

बाबा जाऊन पाच महिने झाले, तेव्हा त्यांच्या नावाचं पत्र आलं. गेल्या वसंतात त्यांनी मारलेल्या पांढऱ्या अस्वलाचा दात नियमाप्रमाणे प्रयोगशाळेत तपासणीला गेला होता. दाताचा पातळ काप काढून त्यातली वर्तुळं मोजली की वय कळतं. अशा शेकडो दातांवरून आमच्या किनाऱ्यावरच्या अस्वलांचं कसं चाललंय, याचा अंदाज बांधतात.

बाबा आणि तुलुगाककाका मात्र त्या वर्तुळांवर पैज लावत. शिकार झाली की तिथेच दोघं वय सांगत. हरणाऱ्याने पुढचं वर्षभर बर्फावर चहा करायचा. बहुधा काकाच जिंकत. "दादा, अस्वल म्हातारं नव्हतं, तूच झालायस," असं म्हणत. त्यामुळे माझ्या आठवणीतले बाबा कायम स्टोव्हवर वाकलेले असतात.

या शेवटच्या अस्वलाचं वय बाबांनी सोळा सांगितलं होतं, काकांनी अकरा.

मी पत्र घेऊन गेले तेव्हा काका गोठलेला मासा कापत होते. "चष्मा नाही गं. तूच वाच," म्हणाले.

पत्रात अकरा होतं. सोळा म्हणावं असं फार वाटलं. पण खोटेपणाने जिंकलेलं बाबांना चाललं नसतं.

"अकरा," मी म्हटलं.

काकांची सुरी थांबली. त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, दूर धरून बराच वेळ पाहिलं.

"चार-पाच वर्तुळं सुटली असतील त्यांच्या नजरेतून," ते म्हणाले. "त्यांना लिही, पोरी. म्हणावं, परत मोजा."