मळखाऊ

"मळखाऊ दाखवा, भाऊ. लई उजळ नगं."

राणी रंगाच्या कापडात कात्री घालायची वेळ आली की हा आवाज रत्नमालाच्या कानाशी यायचाच. आजही आला. तिनं कात्री तशीच धरून ठेवली आणि आवाज निघून जायची वाट पाहिली.

आवाज तिच्या मायचा, चतुराबाईचा. शिरूर कासारच्या बाजारातल्या कापडदुकानाच्या ओट्यावरचा, ऊसतोडीला निघायच्या आदल्या दिवशीचा. रत्ना तेव्हा मायच्या कमरेइतकी होती. समोर लुगड्यांची चळत होती आणि चळतीच्या मधोमध एक घडी राणी रंगाची. सगळं रान करपल्यावरही वाटेकडेला कण्हेर फुलून उभी असते, तशी. रत्नानं त्या घडीवर पंजा ठेवला. मायनं तो उचलून बाजूला केला आणि दुकानदाराला म्हणाली ते हे.

दुकानदारानं मातकट लुगडं काढून दिलं. तो सगळा हंगाम माय तेच नेसून ऊस तोडत राहिली. दुरून पाहिलं तर फडात माय कुठं संपते आणि ढेकळं कुठं सुरू होतात, ते कळत नसे. रत्ना बांधावर बसून डोळे ताणताणून तिला शोधायची. सापडली नाही की रडायची.

कदाचित तेव्हापासूनच असेल, रत्नाला रंगाची भूक लागली ती कायमची. शिवणाचा कोर्स केला, दुसऱ्यांच्या दुकानांत काजं-बटणं केली आणि मग बीडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एका शटरचं स्वतःचं दुकान टाकलं. वर ना मालक, ना भागीदार. राणीला पोपटी काठ, हळदीला जांभळी बाही, मोरपंखीवर शेंदरी नाडी. लोक म्हणायचे, "भडकच पायजे असंल तर त्या रत्नमालाकडं जा." तिला ही आपली जाहिरातच वाटायची.

दागिन्यांचा नाद लागला तो दुष्काळात. पावसानं लागोपाठ दोन वर्षं पाठ फिरवली आणि जनावरं चारा छावणीत गेली. पोळ्याला बैल सजवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. बैलांच्या साजाचं सामान विकणाऱ्या बद्रीनाथच्या दुकानात गोंडे, कवड्या, घुंगरं तशीच लोंबत राहिली.

"न्या बाई, न्या," तो रत्नाला म्हणाला. "गिऱ्हाईक न्हाई, उंदरं तेवढी येत्यात बघायला."

रत्नानं पोतंभर सामान आणलं. लाल-पिवळे गोंडे उसवून बारीक केले, कवड्यांत ओवले, टोकाला घुंगरू लावलं. गळ्यातलं झालं, कानातलं झालं. कॉलेजच्या पोरी ते घालून फोटो काढू लागल्या. पुण्याहून मागणी आली. बद्रीनाथ मान हलवत म्हणाला, "बैलाचं नशीब बायांच्या गळ्यात पडलं म्हणायचं!"

सगळ्यांच्या अंगावर तिचे रंग गेले. एका मायच्या अंगावर गेले नाहीत. चतुराबाईच्या पेटीत चॉकलेटी, वांगी, मातकट अशा घड्या होत्या आणि चौदा एप्रिलच्या जयंतीला नेसायचं एक पांढरं पातळ. लेकीनं शिवलेलं काही दाखवलं की ती कापड बोटांत धरायची, शिलाई उलटून बघायची आणि म्हणायची, "हात चांगलाय तुझा." बस. रंगाबद्दल अक्षर नाही.

आणि आता ही राणी रंगाची थप्पी पुढ्यात होती, सुंदरबाईंमुळं.

सुंदरबाई महिला सहकारी संस्थेच्या अध्यक्ष. घरची जमीन, नवरा राजकारणात; पण संस्था स्वतःच्या जोरावर चालवायच्या आणि बोलायच्या तर दुष्काळालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. संस्थेतल्या शिवणाऱ्या बायकांना काम पाहिजे होतं. उसाच्या पाचटानं हात सोलून निघतात, म्हणून तोडणीच्या बायका लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. तर बायकांच्याच मापाचे शर्ट का शिवू नयेत, असं सुंदरबाईंच्या मनात आलं. त्या रत्नाकडं आल्या.

"बेत तू आख, कापून तू दे. शिवत्याल माझ्या बाया. रंग चॉकलेटी."

"काकू, रंगाचे करू द्या की."

"चॉकलेटी काय रंग न्हाई का?"

"त्यो रंग न्हाई, त्यो लपायला हाय."

सुंदरबाई हसल्या. "आगं, प्यायचं पाणी टँकरनं येतंय. तुझं उजळ कापड धुवायचं कशानं?"

रत्ना हट्टाला पेटली. "बाजारच्या दिवशी दोन्ही मांडू. बाया ज्याला हात घालतील, ते शिवू."

"आन् तुझ्याला एकीनंबी घातला न्हाई तर?"

"तर सगळे चॉकलेटी कापून देईन. फडातल्या बायांपुढं पुन्यांदा रंगाचं नाव काढणार न्हाई."

बोलून गेली खरी. पण सुंदरबाई गेल्यावर तिला त्या पैजेचं ओझं कळलं. पुण्याच्या बायकांनी नाक मुरडलं असतं तर तिला काही वाटलं नसतं. या बायका तिच्या होत्या. त्यांच्यातूनच तर ती आली होती. त्यांनी 'नको' म्हटलं, तर मायचंच म्हणणं खरं झालं असतं.

तिनं शर्ट कापला तो जीव ओतून. खांद्यात सैल, मोळी डोक्यावर घेताना ताणू नये म्हणून. मनगटाला नाडी, पाचट आत शिरू नये म्हणून. आणि नाडीच्या टोकाला बद्रीनाथच्या पोत्यातला एकेक गोंडा. तो मात्र कशासाठीच नव्हता. तिला आवडला म्हणून होता.

बाजारच्या दिवशी शिरूरला दोऱ्या बांधल्या. एकीवर चॉकलेटी, दुसरीवर राणी, हळदी, मोरपंखी. धुळीनं माखलेल्या बाजारात ती दुसरी दोरी अशी पेटली होती की वाटेवरची माणसं मान वळवून बघत होती. माय बरोबर आली होती. पिशवी धरायला म्हणून. ती एका खोक्यावर बसली, गुडघ्यांवर हात ठेवून.

बायका जमल्या. दोन-चार दिवसांत तोडणीला जायचे ट्रॅक्टर निघणार होते. रत्ना त्यांच्या हातांकडं बघत होती. प्रत्येक हात आधी रंगाच्या दोरीकडं जायचा. राणी चाचपायचा, हळदीवरून फिरायचा. आणि मग तोंड उघडायचं ते सुंदरबाईंच्या बाजूला वळून, "मळखाऊ कोणतंय, बाई?"

हात एक मागत होते, तोंडं दुसरंच बोलत होती. चॉकलेटी शर्ट एकेक करून उतरू लागले.

भामाबाई टोळीतली दांडगी बाई. तिनं राणी शर्ट अंगाला लावून गिरकी घेतली. "काय गं रतने, हे घालून ऊस तोडू का तमाशात जाऊ?"

बायका फिदीफिदी हसल्या.

"मुकादम वळखायचा न्हाई तुला," कुणीतरी म्हणालं.

"लई बरं व्हईल की! कामच सांगायचा न्हाई." तेवढ्यात भामाबाईला मनगटाचा गोंडा दिसला. "आन् ह्यो गोंडा कावून लावलाय? मी काय बैल हाय का?"

हशाचा लोट उठला. रत्नाच्या तोंडातून निघून गेलं, "बैलाला वरसातनं एक दिस तरी सजवत्यात, मावशी. तुला कवा सजवलं?"

हशा तुटला. भामाबाईनं शर्टाची घडी घातली, नीट, काठाला काठ लावून, आणि दोरीवर ठेवून दिली. चॉकलेटी उचलला. रत्नाला वाटलं, जीभ हासडून टाकावी. हरणं वेगळं आणि आपल्याच बाईला लागेल असं बोलून हरणं वेगळं.

"काकू," ती हळूच म्हणाली, "उतरवते मी माझे."

तेव्हा खोका करकरला. चतुराबाई उठली होती. गुडघे धरत, लंगडत ती दोरीपाशी आली आणि भामाबाईनं ठेवलेला तोच राणी शर्ट तिनं काढला.

"माय, ऱ्हाऊ दे."

"गप."

तिनं एक हात घातला, मग दुसरा. वर्षानुवर्षं कोयता धरून आखडलेल्या बोटांत बटण येत नव्हतं. कुणी पुढं झालं नाही. सगळ्या बघत राहिल्या. एकेक करून तिनं सगळी बटणं लावली. मग मनगट पुढं केलं, भामाबाईच्या पुढं.

"बांद."

"चतुराआक्का, तुमी?" भामाबाईचा आवाज उतरला. याच म्हातारीनं तिला पहिल्या हंगामात मोळी बांधायला शिकवलं होतं. "मळंल की हे."

"मळू दे. मळखाऊत काय मळ कमी व्हता? दिसत न्हवता येवढंच. आन् त्याच्यासंगट मीबी दिसत न्हवते." तिनं मनगट हलवलं. "बांद, हात दुकतोय माजा."

भामाबाईनं नाडी बांधली. गोंडा सुरकुतल्या हातावर लोंबू लागला. भामाबाई त्याच्याकडं जरा वेळ बघत राहिली. मग हातातला चॉकलेटी तिनं सुंदरबाईंच्या मांडीवर टाकला आणि रत्नाला म्हणाली, "ए, हळदी काढ मला. आन् गोंडा मोठा बघून दे, मी बैलापरीस जास्त काम करते."

मग दोरी उरलीच नाही. बाह्या ओढल्या गेल्या, मापं अदलाबदल झाली. मोरपंखीवरून दोघी भांडल्या. एकीनं नवऱ्याला हाक मारून मारून बोलावलं, नुसतं बघायला. चॉकलेटी नेलेल्या परत आल्या. भामाबाईनं गळा काढला, तिथल्या तिथं जुळवून:

"रानी गं रंगाची बाही, माज्या हाताला गोंडा,
फडात फुलली कन्हेर, वाट ईसरला दांडा…"

"दांडा कसा वाट ईसरंल गं?" कुणीतरी ओरडलं.

"मला बघून!" भामाबाई म्हणाली आणि बाजार हसून हसून वाकला.

सुंदरबाई चॉकलेटी ढिगाजवळ बसून होत्या. "हे आता कुणाच्या बोडक्यावर घालू?" असं म्हणत त्यांनी रत्नाला जवळ ओढलं. "पुढचा सगळा गठ्ठा रंगाचा. आन् माज्या मापाचाबी एक ठेव. मोरपंखी. घरात सांगू नगं."

ऊन कलल्यावर मायलेकी बीडच्या एसटीत बसल्या. रिकामी पिशवी रत्नाच्या मांडीवर होती. खिडकीबाहेर तीच कोरडी शिवारं, तीच नांगरून पडलेली ढेकळं, आणि त्यांच्यावर मायच्या बाहीचा राणी रंग काचेतून हलत होता. आज कुठूनही बघितलं असतं तरी माय सापडली असती.

"गरम व्हतंय का? काढून ठेवू शर्ट?"

"नगं."

चतुराबाई गोंड्याचे धागे एकेक करून सरळ करत होती.

"रतन."

"काय गं माय?"

"त्या दुकानातलं रानी लुगडं याद हाय तुला?"

रत्ना तिच्याकडं वळली. "हाय की. मी हात लावलता. तू काढलास."

मायनं खिडकीबाहेर बघितलं. मग लेकीचा हात उचलला, तेव्हा उचलला होता तसाच, पण या वेळी बाजूला केला नाही. आपल्या राणी बाहीवर आणून ठेवला.

"तुज्या आदी मी लावलता," ती म्हणाली.